वाळूतून, वाळूवरून

सकाळी दुकानाचे शटर वर जाताना मध्येच एकदा अडकत असे. उस्ताद त्याला गुडघ्याने धक्का देत आणि मग ते उरलेली वाट कुरकुरत पुरी करी. आत आल्यावर उस्ताद आपल्या चपला भिंतीशी जोडून ठेवत. आरशांवरून आधी ओले फडके फिरवत, मग कोरडे. कात्र्या आणि कंगवे जंतुनाशकाच्या बरणीत उभे करत आणि दोन्ही खुर्च्या एका रेषेत आहेत ना, हे दारात उभे राहून एक डोळा मिटून पाहत. मग ते काचेच्या टाकीकडे वळत. पाळी येण्याची वाट पाहणारी गिऱ्हाइके ज्या बाकावर बसत, त्याच्या समोरच ती टाकी होती. उस्ताद तिचा दिवा लावत, उजवी बाही कोपराच्या वर गुंडाळत आणि कपाटामागून एक लांब काठी काढत. काठीच्या टोकाला बारीक दातांचा कंगवा दोऱ्याने घट्ट बांधलेला असे. तो पाण्यात सोडून ते टाकीच्या तळाची पांढरी वाळू विंचरत. आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि शेवटी मधोमध सरळ भांग.

भांग पडला की ते दोन पावले मागे सरत, मान तिरकी करत आणि नुकत्याच केस कापलेल्या डोक्याकडे पाहावे तसे टाकीकडे पाहत. "झकास," असे स्वतःशीच म्हणून ते पहिल्या गिऱ्हाइकासाठी टॉवेल झटकत.

मित्रांनो, ती विंचरलेली पांढरी वाळू म्हणजे मी नव्हे. मी तिच्या खाली होते. मी नदीची जुनी, तपकिरी वाळू आहे. त्या दिवसांत टाकीचा दिवा लागला की मला लाज वाटत असे, आणि आज तुम्हाला सारे सांगतानाही ती पुरती गेलेली नाही.

पूर्वी असे नव्हते. एका नदीच्या वळणावर, जिथे पाणी दमून सावकाश वाहते, तिथे मी पसरलेली होते. पाण्याने मला इतकी वर्षे लोळवले होते की माझ्या एकाही कणाला टोक उरले नव्हते. तिथून मला कोणी चाळून पोत्यात भरले, पोते मासे विकणाऱ्या दुकानात आले आणि त्या दुकानातून मला उस्तादांच्या मुलीने उचलले. तिला घरात सगळे चिमी म्हणत. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती. घरात जागा नव्हती, म्हणून टाकी वडिलांच्या दुकानात आली. चिमी संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून अभ्यास करी आणि अभ्यासापेक्षा जास्त टाकीकडे पाही.

तिने मला टाकीत घालण्यापूर्वी माझी जेवढी परीक्षा घेतली, तेवढी कुणाची घेतली जात असेल असे मला वाटत नाही. मला चिमटीत धरून तिने मनगटाच्या आतल्या मऊ कातडीवर घासून पाहिले. कुठे टोचत नाही, अशी खात्री झाल्यावर बशीत थोडी काढून माझ्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले. उस्ताद वस्तऱ्याला नवे पाते लावत होते. त्यांनी विचारले, "हे काय, वाळूची कोशिंबीर करतेस?"

"फेस येतो का बघतेय, बाबा. फेस आला तर त्यात शिंपल्याचा चुरा असतो. त्याने पाणी जड होतं. माझ्या माशांना ते सोसायचं नाही."

फेस आला नाही. मग तिने मला बादलीत घालून धुतले. पाणी गढूळ झाले की ओतायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा हाताने ढवळायचे. बादलीच्या तळाशी टाकलेले नाणे वरून स्वच्छ दिसेपर्यंत तिने हात थांबवला नाही. नंतर मला टाकीत पसरून तिने दोन बोटे आडवी धरून माझी जाडी मोजली. "दोन बोटं बस," ती म्हणाली, "जास्त झाली तर खालची गुदमरते."

मग मासे आले. छोटे, ठेंगणे, तळाशी राहणारे. त्यांच्या तोंडापाशी मिशांसारखे मऊ धागे होते. मित्रांनो, त्या मिशा नुसत्या दिमाखाच्या नसतात. त्या माशाची बोटे त्याच, आणि बरेचसे नाकही त्याच. तो त्यांनी माझ्यात चाचपडत अन्न शोधतो, मला घासभर तोंडात घेतो, खाण्याजोगे ठेवून घेतो आणि उरलेली मी त्याच्या कल्ल्यांतून पुन्हा तळाशी झिरपते. एका जिवंत प्राण्याच्या तोंडातून जाऊन त्याला ओरखडाही न उठवता बाहेर पडायचे, यापरते वाळूच्या जन्माचे सार्थक दुसरे कोणते? सगळ्यांत लांब मिशा ज्याच्या होत्या, त्याचे नाव चिमीने हवालदार ठेवले. तो टाकीभर गस्त घालत असे. रोज सकाळी टपाल वाटायला निघण्यापूर्वी दाढीला येणारे पोस्टमनकाका त्याला बाकावरून सलाम ठोकत.

चिमीने एक नेम कधी चुकवला नाही. संध्याकाळच्या गर्दीत उस्ताद गिऱ्हाइकांत गुंतलेले असत, तेव्हा ती आधी पाण्याचा पंप बंद करी, कारण उडालेले कण त्यात गेले तर त्याचे पाते झिजते. मग बोटे माझ्यात पार तळाच्या काचेपर्यंत घालून मला हलकेच वरखाली करी. आज हा कोपरा, उद्या तो. सगळी टाकी एकदम कधीच नाही. त्या बोटांमागून ताजे पाणी माझ्या कणाकणांत शिरे. मोकळा श्वास कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळत होते.

मग चिमी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी दुसऱ्या गावी गेली. निघाली तेव्हा तिच्या खांद्यावर बॅग होती, बाहेर रिक्षा उभी होती आणि उस्तादांच्या पुढ्यात अर्धी दाढी झालेले गिऱ्हाईक होते. दारातून ती म्हणाली, "बाबा, वाळूतून रोज हात फिरवा हं!"

"फिरवतो गं, फिरवतो. तू जा निश्चिंत."

मित्रांनो, सारा घोटाळा या एका वाक्यात आहे. उस्तादांच्या दुकानात 'हात फिरवणे' याला एक ठरलेला अर्थ होता. घाईत असलेले गिऱ्हाईक म्हणे, "उस्ताद, फार काही नको, वरून जरा हात फिरवा." म्हणजे कात्री केसांच्या टोकांना लावायची, कानामागे वस्तरा टेकवायचा, कंगवा मारायचा, आरसा दाखवायचा. आयुष्यभर हेच शब्द ऐकलेल्या कानांनी 'वाळूतून' हा शब्द ऐकला आणि 'वाळूवरून' असा साठवून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी काठीला कंगवा बांधला.

त्यात त्यांचे प्रेम नव्हते असे मी कसे म्हणू? लेकीचा शब्द त्यांनी एक दिवसही मोडला नाही. कंबर धरली होती तेव्हाही ते वाकले आणि भांग पाडला. पण कंगव्याचे दात माझ्यात नखभराहून खाली जात नव्हते. शिवाय मुलगी गेल्यापासून त्यांना मासे उपाशी वाटू लागले होते. ते चिमूटभर जास्त टाकत, आणि बाकावरची गिऱ्हाइकेही "मी टाकू का, उस्ताद?" म्हणत आपापली चिमूट टाकत. न खाल्लेले दाणे माझ्यात रुतत, माशांची घाण रुते आणि कंगवा त्यावरून नीट, चापूनचोपून फिरे. माझ्या अंगावर आधी करडे डाग आले. मग ते काळे झाले.

"वाळू मळली की काय?" उस्ताद एकदा पोस्टमनकाकांना म्हणाले.

"वयच झालं असेल तिचं. आपले केस बघा की."

यावर उस्तादांना त्यांच्या व्यवसायातला उपाय सुचला. त्यांनी शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून पांढऱ्याशुभ्र वाळूची पिशवी आणली आणि माझ्यावर रिकामी केली. "केसांना काळा कलप, वाळूला पांढरा," ते हसून म्हणाले. "एवढाच काय तो फरक!"

ती वाळू नदीची नव्हती. दगड फोडून, भरडून केलेली होती. तिच्या कणाकणाला धार होती. तिचा दोष म्हणावा तर तोही नाही. तिला कुणी मनगटावर घासून पाहिलेच नव्हते. काही महिन्यांनी तीही पिवळसर दिसू लागली, तेव्हा तिच्यावर आणखी एक पिशवी आली. दोन बोटांची मी आता वीतभर थराच्या तळाशी होते. पाणी माझ्यापर्यंत पोहोचणे बंद झाले. आणि वर बाकावर जो तो म्हणे, "उस्ताद, टाकी काय चमकतेय! कुठली वाळू ही?" स्तुती ऐकून संकोचाने मेल्यासारखे होणे, हे मी तेव्हा अनुभवले. तोंडाला पावडर लावून मिरवणाऱ्याच्या अंगावरचा मळ मी होते.

आणि हवालदार? तो रोज त्या धारदार पांढऱ्या थरात तोंड खुपसत होता. त्याला दुसरे काही येतच नव्हते. त्याच्या मिशा टोकाकडून झिजू लागल्या. त्याचे सोबती एकेक करून गेले. उस्तादांनी प्रत्येकाला मागच्या दाराशी कुंडीत पुरले आणि वयाला बोल लावला. हवालदार एकटा उरला. एके सकाळी पोस्टमनकाकांनी सलामासाठी हात वर नेला तो तसाच ठेवला.

"अहो उस्ताद, हवालदाराची मिशी कुणी हो उडवली?"

"म्हणजे?"

"या दुकानात वस्तरा तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?"

बाक गदगदून हसला. उस्तादही हसले, पण त्यांचा हात गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला आणि ते आरशातून टाकीकडे पाहत राहिले. त्या दिवसापासून हा विनोद दुकानात रोज होऊ लागला. 'वस्तऱ्याखाली मान दिलीत, आता मिशी सांभाळा', 'उस्ताद, मासळीची दाढी किती घेता?' माणसे वाईट नव्हती. पण प्रत्येक हसण्याबरोबर मी आणखी खोल रुतत होते. मिशी वस्तऱ्याने गेली नव्हती. माझ्या डोक्यावरच्या धारेने आणि माझ्या पोटातल्या घाणीने गेली होती, आणि मला तोंड नव्हते.

काचेतून माझा काळा थर दिसतो आहे, हे उस्तादांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी आरशाच्या कडेला लावायची रुंद चिकटपट्टी आणली आणि टाकीच्या खालच्या भागाला चारही बाजूंनी लावून टाकली. त्यानंतर मला काही दिसेना. फक्त ऐकू येई. त्याच अंधारात मी चिमीचा फोन ऐकला. उस्ताद नेहमीप्रमाणे स्पीकरवर बोलत होते.

"बाबा, रविवारी येतेय मी! हवालदार कसा आहे? मारतोय ना मिशीवर ताव?"

उस्तादांची कात्री दोनदा रिकामीच वाजली.

"मारतोय की," उस्ताद म्हणाले. "झकास आहे एकदम."

रविवारच्या आधी दुकानाच्या सुट्टीचा दिवस आला. त्या सकाळी शटर अर्धेच उघडले. उस्ताद वाकून आत आले, टाकीजवळ बसले, काठीवरचा कंगवा काचेला खट्कन टेकला आणि हवालदाराची लांबी किती दातांची, ते त्यांनी मोठ्याने मोजले. मग ते निघून गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची पारदर्शक पिशवी असावी, कारण ती टाकीच्या पाण्यावर ठेवल्याचा आवाज मी ओळखला. नवीन मासा आणला की तो असाच ठेवतात, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी सारखे कोमट होते. ते स्वतःशी पुटपुटत होते, "तेवढाच आहे. रंगही तोच. पोरीला काय कळणार?"

इतक्यात शटरखालून काकू आल्या. काकू म्हणजे उस्तादांच्या पत्नी. त्या डबा घेऊन आल्या होत्या.

"अहो, सुट्टीच्या दिवशी इथे काय बसलाय? आणि हा कसला वास? अंडं कुजलंय का कुठे?"

"वास नाही काही. तू जा घरी, मी येतोच."

"पिशवीत कोण आहे?"

"हवालदार."

"मग हा खालचा कोण?"

उस्ताद म्हणाले, "तो... निवृत्त झाला."

काकूंनी डबा खाली ठेवला. "असं होय. आणि माझे दात पडून बोळकं झालं, की माझ्या जागी कोणाला आणणार? माप घेऊन ठेवलंय का?"

"अगं, तुला कळत नाही. तिने केवढ्या विश्वासाने..."

"वास इथूनच येतोय," काकू म्हणाल्या. त्यांचे नख पट्टीच्या टोकाशी लागले. मी आतून थरथरले असेन, कारण त्याच वेळी माझ्यातून एक बुडबुडा सुटला आणि पांढऱ्या थरातून वाट काढत वर जाऊन फुटला. वास दुप्पट झाला. पट्टी चर्रकन सुटली आणि कितीतरी दिवसांनी उजेड माझ्यावर पडला.

मित्रांनो, उजेडाची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. काचेला टेकलेला माझा प्रत्येक कण डांबरासारखा काळा होता. काकू पाहत राहिल्या. उस्तादांनी नजर दुसरीकडे वळवली, पण त्या दुकानात नजर कुठेही वळवली तरी आरसाच होता.

"हे लपवत होतात?"

"मी रोज हात फिरवला गं. एक दिवस चुकलो नाही." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "तिला मी काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा. आरसे कमी आहेत का तुमच्याकडे?"

एवढे बोलून काकूंनी दुसरे काहीच केले नाही. शटरपाशी स्टूल ओढून त्या पाठमोऱ्या बसल्या. उस्ताद बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत होते. आतल्या माशाच्या मिशा लांब होत्या, झुपकेदार होत्या, आणि तो काचेपलीकडच्या बोडक्या हवालदाराकडे पाहत होता. खाली हवालदार नेहमीच्या जागी पांढऱ्या धारेत तोंड खुपसायला गेला, आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. पुन्हा मागे सरला. उस्तादांनी ते पाहिले. मला वाटते, त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी पिशवी पाण्यातून उचलली, पुसली आणि काकूंच्या हातात दिली. मग फोन लावला.

"चिमे, हवालदाराला मिशी नाही. माझ्यामुळे गेली. बाकीचेही गेले. मी तुला खोटं सांगितलं."

 मग चिमीने विचारले, "खाली वाळू काळी झालीय का?"

"हो."

"किती जाड आहे?"

"वीतभर. वरची पांढरी मी आणून टाकली."

"बाबा, मी वाळूतून हात फिरवा म्हटलं होतं."

"मी 'वाळूवरून' ऐकलं गं." उस्तादांनी डोळे पुसले असावेत, कारण शब्द ओले येत होते. "या दुकानात 'तून' कोणी म्हणतच नाही. सगळे 'वरून'च म्हणतात."

चिमी रडत होती की हसत होती, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल. मग तिचा आवाज रुग्णाशेजारी बसलेल्या परिचारिकेसारखा नीट झाला. "ऐका. तो जिवंत आहे ना? मग आधी त्याला बाहेर काढा. टाकीतलंच वरचं पाणी बादलीत घ्या, त्यात तो आणि हवेची नळी. वाळू हलवायच्या आधी. आत साठलेलं विष एकदम सुटतं. पंप बंद करा. पांढरी सगळी काढून टाका. माझी जुनी फेकू नका, काळेपणा जाईपर्यंत धुवा. पाणी सगळं बदलू नका, अर्धंच. आणि तो नवीन मासा आज परत द्या. या पाण्यात नवा जीव नको. मी आले की सोबत आणू."

"नवीन मासा? तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी तुम्हाला ओळखते, बाबा."

त्या दुपारी उस्तादांनी काम केले. नेहमीचे गुणगुणणे त्यांनी केले नाही. हवालदार बादलीत गेला. टाकीतले चांगले पाणी दुसऱ्या बादलीत बाजूला निघाले. पांढरी वाळू वाडग्यावाडग्याने बाहेर गेली आणि शटरसमोरच्या पायरीजवळच्या खड्ड्यात पडली, जिथे तिची धार कोणाला लागणार नव्हती. मग ते माझ्यापर्यंत पोहोचले. मला परातीत घेऊन त्यांनी मागच्या दारी नळाखाली धुतले. माझ्यातून निघालेले पहिले पाणी शाईसारखे होते. शेजारून जाणाऱ्या एका बाईने नाकाला पदर लावला. उस्तादांनी मान खाली घातली, पण परात आडोशाला नेली नाही. पाणी ओतत, भरत, हाताने ढवळत ते बसून राहिले. शेवटी त्यांनी खिशातले नाणे काढून बादलीच्या तळाशी टाकले. म्हणजे चिमीला असे करताना त्यांनी पाहिले होते. तेव्हा ते नुसते पाते लावत नव्हते, पाहतही होते.

मित्रांनो, धुतल्याने मी पहिल्यासारखी झाले, असे मी म्हणणार नाही. माझे काही कण कायमचे करडे राहिले आहेत. हवालदाराची मिशी परत येईल का, हे चिमीलाही ठाऊक नव्हते. थोडी येते, असे ती फोनवर म्हणाली होती, मुळाला धक्का लागला नसेल तर. तुमच्या घरी काचेमागे एखादा जीव असेल, तर वरून जे दिसते त्याची स्तुती करून थांबू नका, एवढेच मी म्हणेन. खाली कोणीतरी असते. तिला श्वास हवा असतो, आणि तिच्या अंगावर कोणीतरी जेवत असते.

संध्याकाळी उस्तादांनी मला टाकीत पसरले. दोन बोटे आडवी धरून जाडी मोजली. एका कोपऱ्यात थोडी जास्त होती, ती काढली. काठीला बांधलेला दोरा सोडला, कंगवा धुऊन जंतुनाशकाच्या बरणीत, इतर कंगव्यांत ठेवला. चिकटपट्टीचे उरलेले भेंडोळे त्यांनी काकूंच्या हाती दिले. काकू म्हणाल्या, "हे आरशालाच लावा," आणि पिशवीतला मासा परत देण्यासाठी निघून गेल्या.

पाणी निवळल्यावर त्यांनी हवालदाराला ओंजळीसारख्या वाटीतून सोडले. तो तळाशी आला, थबकला आणि त्याने आपले बोडके तोंड माझ्यावर टेकवले. मी श्वास रोखला. त्याने मला घासभर आत घेतले. मी त्याच्या कल्ल्यांतून निसटून खाली आले. तो मागे सरला नाही.

उस्तादांनी टाकीचा दिवा लावला. शटर पूर्ण वर केले, म्हणजे रस्त्यावरून कोणालाही दिसावे. मग उजवी बाही कोपराच्या वर गुंडाळून त्यांनी बोटे पाण्यात घातली, माझ्यात घातली, पार काचेला टेकेपर्यंत, आणि एका कोपऱ्यातून सावकाश हात फिरवला.